नानामामांचा इंग्रजी आठ

बालाघाटला मुद्दाम कुणी जात नाही. वाघ बघायला निघालेले लोक गाडीच्या काचेतून ते गाव बघतात आणि पुढच्या जंगलात निघून जातात. मी मात्र मुद्दाम गेले, आणि तेही अभ्यासासाठी. शेहेचाळिसाव्या वर्षी मी वार्धक्यशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातलं आहे. म्हातारपण आणि म्हाताऱ्या माणसांची काळजी, हा तो विषय. पुण्यात हे सांगितलं की काहीजण "किती गरजेचं आहे हो" असं म्हणतात आणि बाकीचे "आमच्या सासूबाईंना घेऊन जा ना नमुना म्हणून" असं म्हणतात. बाकीचेच जास्त.

म्हातारपण ही व्याधी नसून अवस्था आहे, हे वाक्य आम्ही पहिल्या आठवड्यात पाठ केलं. दुसऱ्या आठवड्यात हातापायांना जड पट्टे बांधून, डोळ्यांवर धुरकट चष्मा आणि कानात बोळे घालून आम्हाला जिना चढायला लावलं, म्हणजे वार्धक्याचा अनुभव यावा. तो सगळ्यांना आला. मग आम्ही वार्धक्य काढून पेटीत ठेवलं आणि कॅन्टीनमध्ये वडापाव खाल्ला.

पुढे एक पाठ होता, ज्येष्ठांना वाहन चालवणं कसं सोडायला लावावं याचा. त्याचं वर्गात नाटक करायचं होतं. आमच्यातले निवृत्त बँक मॅनेजर ज्येष्ठ झाले आणि मी त्यांची मुलगी. मी त्यांच्या शेजारी बसले, त्यांच्या भावनांची दखल घेतली, पर्याय सुचवले. मॅनेजरांनी डोळे पुसत चावी माझ्या हातात ठेवली आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. माझ्या संवादकौशल्याचं सरांनी फार कौतुक केलं, आणि ते मी त्याच संध्याकाळी आईला फोनवर ऐकवलं.

माझी आई मूळची बालाघाटची. तिचे थोरले भाऊ, आमचे नानामामा, एक्याऐंशी वर्षांचे आहेत आणि मामीबरोबर तिथेच राहतात. मामा परिवहन खात्यात इन्स्पेक्टर होते. जिल्ह्यात ज्याला गाडी चालवायची असेल त्याची परीक्षा मामा घेत आणि त्यांनी पास म्हटलं की लायसन मिळे. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांचा पडदा गेला आहे. समोरचं माणूस त्यांना मधोमध पुसल्यासारखं दिसतं, कडेकडेचं थोडं कळतं. डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हणून कधीच सांगितलंय. पण मामा रोज सकाळी स्कूटर काढतात. बंगळुरूचा मुलगा फोनवर हा विषय काढतो तेव्हा मामांच्या फोनचं नेटवर्क जातं.

"तू त्याचंच शिकतेस ना?" आई म्हणाली. "मग त्या मॅनेजरची चावी घेऊन काय उपयोग? माझ्या भावाची घे." रागावली की तिचं पुणं गळून पडतं. "कोनाले ठोकन थो येखाद्या दिवशी. मंग बसजो तू अभ्यास करत."

सरांना विचारलं तर ते म्हणाले, फार सुंदर केस आहे.

राजेगाव

गोंदियापर्यंत मी झोपले आणि पुढे बसमध्ये उभी राहिले, प्रवासाचं एवढंच सांगण्यासारखं. बाघ नदीचा पूल गेला की महाराष्ट्र संपतो. पाट्या हिंदी होतात. धानाची शेतं, कौलं आणि माणसं मात्र आधी होती तीच राहतात आणि तीच बोली बोलतात. राजेगावला ड्रायव्हरला चहाची तलफ आली म्हणून आम्ही सगळे उतरलो.

चहावाला पन्नाशीचा होता. कुणाकडे चालले म्हणून त्याने विचारलं. पुण्यात हा प्रश्न आगाऊपणाचा. इथे न विचारणं आगाऊपणाचं. मी मामांचं नाव सांगितलं तसा तो गाळणी खाली ठेवून उभा राहिला.

"इन्स्पेक्टर साहेबाच्या घरी? माहं लायसन त्यायनंच देल्लं. दोनदा नापास केलतं पहले."

हे त्याने इतक्या अभिमानाने सांगितलं की मला वाटलं नापासांचाच सत्कार होत असावा. शेजारच्या बाकावरचा एक धोतरवाला सरसावून म्हणाला की त्याला तर मामांनी चारदा परत पाठवलं होतं. जमिनीवर चुन्याने इंग्रजी आठचा आकडा काढलेला असे, दोन्ही बाजूंनी विटा. त्यातून गाडी फिरवायची. विटेला लागलं की नापास, पाय टेकला की नापास. मामा मान वर न करता म्हणत, "अगले महीने आना." हे वाक्य दोघांनी एकदम, मामांच्या आवाजात म्हणून दाखवलं. कुणाच्या ओळखीने, कुणाच्या चिठ्ठीने त्यात कधी बदल झाला नाही म्हणे.

"साहेब अजून स्कूटर चालवतात?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हौ तं. मस्त चालवतेत."

"पण त्यांना दिसत नाही ना."

चहावाल्याने यावर थोडा विचार केला. "त्यायले नाई दिसत," तो म्हणाला, "पन आमाले तं थे दिसतेत ना."

आमच्या पुस्तकात हा मुद्दा नव्हता.

बालाघाट

मामा दारातच उभे होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. माझ्या डोक्याच्या थोडं बाजूला बघत त्यांनी मला ओळखलं.

"सुमे, तू म्हातारपनाचं एम.ए. करून राह्यली म्हने."

"हो मामा."

"शिकवते कोन?"

"एक सर आहेत. पस्तिशीचे असतील."

"बरं बरं," मामा म्हणाले. "आमी बिना फीसचं करून राह्यलो. प्रॅक्टिकलसकट."

मामीने जेवायला चिन्नोर तांदळाचा भात केला होता. हा तांदूळ शिजायला लागला की गल्लीत कळतं. पुण्यात आम्ही पाहुण्याला आधी पोळी वाढतो आणि भात शेवटी औषधासारखा घालतो. इथे भातापासून सुरुवात आणि भातावरच शेवट. बरोबर अंबाडीची भाजी आणि मुंगवड्यांचा रस्सा. मी नको नको म्हणत होते, मामी हौ हौ म्हणत वाढत होती. चावीचा विषय काढण्याइतकी जागा पोटात उरली नाही.

सकाळी त्या चावीचा सगळा कारभार मी डोळ्यांनी पाहिला. मामा रोज चौकात पोहे-जिलबी खायला जातात. ठरल्या वेळी गुड्डू टेंभरे मोटारसायकल घेऊन फाटकाशी येतो. गुड्डूची ड्रायव्हिंग स्कूल आहे. किरनापूर, परसवाड्याकडची मुलं त्याच्याकडे गाडी शिकतात. तो पोह्यांसाठी सोबत येतो असं मामांना वाटतं. खरं तर तो पुढे राहून हॉर्न वाजवत जातो, मंत्र्यापुढे गाडी जाते तसा. मी त्या दिवशी त्याच्यामागे बसले.

मामांच्या मागे मामी. आणि मामीचे हात मामांच्या खांद्यांवर. आधी मला वाटलं, किती छान, या वयातही. मग कळलं की मामी गाडी चालवतेय. डाव्या खांद्यावर थाप म्हणजे डावीकडे, उजव्यावर थाप म्हणजे उजवीकडे, पाठीवर थाप म्हणजे गतिरोधक, कॉलर ओढली की थांबा. मामा डौलात ताठ बसून हुकूम पाळत होते. पोह्यांच्या गाडीशी उतरल्यावर मी मामांना या थापांबद्दल विचारलं, तर ते म्हणाले, "तिले सवय हाय हात लावाची."

सारा रस्ता मामांना सामील होता. फळवाल्याने गाडी आत ओढली. रस्त्याच्या कडेला धान वाळत घातलेल्या बाईने गोणपाटासकट ते मागे सारलं. चौकात हवालदाराने चारी बाजूंची वाहनं अडवून हात कपाळाला लावला. बहुधा तोही कधीतरी आठवर नापास झालेला असणार. कुणाच्या चेहऱ्यावर वैताग नव्हता. पुण्यात मामांनी असं केलं असतं तर पहिल्याच चौकात लोकांनी त्यांचं लायसन, त्यांचं शिक्षण आणि त्यांचे आईवडील, सगळ्यांची तोंडी चौकशी केली असती. मी माणुसकीने भारावून गेले. ज्येष्ठस्नेही शहर, असं काहीतरी मनातल्या मनात लिहूनही टाकलं.

परत येताना डावीकडच्या शाळेच्या गल्लीतून एक मुलगी सायकलवर बाहेर आली. गुड्डू नुकताच पुढे गेला होता. मी मागे वळून बघत होते म्हणून मला सगळं दिसलं. मामीने उजव्या खांद्यावर जोरात थाप मारली, मामांनी डावीकडचं काहीतरी दिसल्यासारखं हँडल तिकडेच वळवलं, आणि ते सायकलच्या हँडलला घासत गेलं. मुलगी दप्तरासकट पडली. गुडघा सोलवटला, कोपरातून रक्त आलं, डब्यातली पोळी मातीत गेली.

मामा पुढे जाऊन थांबले. "काय झालं?"

"काई नाई साहेब," दोन-तीन आवाज एकदम आले. "पोरगी गिर गई."

आणि मग ते सगळे त्या मुलीवर ओरडायला लागले. दिखता नहीं क्या? साहेब आ रहे हैं, दिखता नहीं? ती परसवाड्याहून शिकायला मावशीकडे आली होती, गावात नवीन. साहेब येतात तेव्हा आपण बाजूला व्हायचं असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. गुडघा धरून ती उठली आणि म्हणाली, "सॉरी दादाजी."

मामा प्रेमाने म्हणाले, "देखके चलाना बेटा."

मला भयंकर संताप आला. ज्येष्ठस्नेही शहराचं मघाचं वाक्य मला स्वतःलाच शिवीसारखं वाटलं. आदर, आदर म्हणून ज्याचं कौतुक करत होते तो आदर एका आठवी-नववीतल्या मुलीला रक्त पुसत माफी मागायला लावत होता. मी काही बोलणार तोवर मामी स्कूटरवरून उतरली होती. तिने पदराने मुलीचा गुडघा पुसला, तिचं नाव विचारलं. पायल. मग ती मामांच्या मागे बसलीच नाही. घरापर्यंत पायी आली, मी तिच्याबरोबर. स्कूटर आणि मामा गुड्डूने घरी पोचवले.

रात्री कशाला, दुपारीच जेवताना मी विषय काढला. पाठ केलेलं सगळं जमून आलं होतं. "मामा, मला समजतं की स्कूटर तुमच्यासाठी फक्त स्कूटर नाही..."

"मंग काय हाय?"

"म्हणजे ते तुमचं स्वातंत्र्य आहे. पण मला काळजी वाटते. आपण मिळून काही पर्याय शोधू शकतो का?"

मामांनी भात कालवायचा थांबवला. "हे थ्या पस्तिशीवाल्यानं शिकवलं काय?"

वर्गात मॅनेजरांनी एव्हाना डोळे पुसले होते. मामांनी ताक मागितलं.

मी पुस्तक सोडलं. "मामा, ती पोरगी तुमच्यामुळे पडली. तुम्हाला दिसली नाही. उद्या चाकाखाली येईल."

मामा मामीकडे वळले, म्हणजे ती जिथे असेल असं त्यांना वाटलं तिकडे. "हौ काय वं?" ताक वाढून ती आत गेली. मामा पेल्यावर बोट फिरवत बसले.

"लायसन द्याची बी येकच रीत अन् घ्याची बी येकच," ते शेवटी म्हणाले. "टेस्ट. आयतवारी गुड्डूच्या मैदानात आठ काढतो मी. तुही मामी मांगं बसनार नाई. टेस्टमंधी मांगची सवारी चालत नाई. पास झालो तं तू चूपचाप पुन्याले जाजो. नापास झालो तं चावी तुमची, पुन्हा स्कूटरले हात नाई लावत."

मला हे फारच सोयीचं वाटलं. ते नापास होणार यात शंकाच नव्हती. मामीशिवाय त्यांना फाटकही सापडत नाही. आईला मी फोन करून सांगितलं की सोमवारच्या गाडीने येते, चावीसकट.

मैदान

रविवारी गुड्डूच्या मैदानात अर्धं गाव होतं. किरनापूरहून शिकायला आलेली मुलं आपली गाडी बाजूला लावून बसली होती. एकाने आलूबोंड्यांची गाडीच आणून उभी केली होती आणि ती चांगली चालली होती. मध्ये ताज्या चुन्याचा मोठा इंग्रजी आठ, कडेने विटा उभ्या केलेल्या. लोक थेट विटांना लागून उकिडवे बसले होते, पंगतीला बसल्यासारखे. इतके जवळ का बसलेत हे मला तेव्हा लक्षात आलं नाही.

मामी आणि मी कडुनिंबाखाली उभ्या होतो. ती आठकडे बघत म्हणाली, "मी बी देल्ली होती टेस्ट."

"तुम्ही? कधी?"

"लगनानंतर. यायच्याकडंच. पाय टेकला, तं यायनं नापास केलं मले. मान वर करून पाह्यलं बी नाई. घरी येऊन मनते, अगले महीने आना. अगल्या महिन्यात मले दिवस गेलते." ती हसली नाही. "मंग राह्यलंच थे."

मामांनी स्कूटर सुरू केली. गुड्डूने त्यांना आठच्या तोंडाशी नेऊन सोडलं आणि बाजूला झाला. मामा निघाले, आणि पहिल्याच वळणावर सरळ विटांच्या दिशेने गेले.

वीट नव्हती. तिथे बसलेल्या माणसाने ती अलगद उचलून मांडीवर घेतली होती. चाक गेल्यावर त्याने ती परत उभी केली. पुढच्याने पुढची उचलली. मामा जिकडे वळतील तिकडच्या विटा हातोहात वर जात होत्या आणि मागे पुन्हा खाली येत होत्या. कुणी कुणाला सांगत नव्हतं, तरी एकही चुकत नव्हता. एकजण तर उकिडवाच मागे सरकला, कारण मामा विटेच्याही पलीकडून गेले. आठ राहिला बाजूला, मामांनी बटाट्यासारखं काहीतरी काढलं आणि सुरुवातीच्या जागी आले. पाय टेकला नव्हता, हे मात्र खरं. मैदानभर टाळ्या पडल्या. "एकदम बरोबर साहेब," गुड्डू म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मामांचा चेहरा फुलला होता. पण परीक्षा घेण्यात त्यांचा जन्म गेलेला. गाडी बंद करून, चावी काढून ते मी उभी असेन त्या दिशेला वळले. "सुमे, तू सांग. इटीले लागलं काय?"

सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. त्या नजरांत धमकी नव्हती, विनवणी होती, ती जास्त वाईट. आणि मी, संवादकौशल्यात वर्गात पहिली, म्हणाले, "मामा, मला असं वाटतं की आपण याकडे वेगळ्या पद्धतीने..."

"अजी," मामी म्हणाली, "लागन कशी? इटा होत्या कुठी? तुमी येन्याच्या पहले उचलत होते अन् गेल्यावर मांडत होते."

आलूबोंडेवाल्याचा झारासुद्धा थांबला.

"कोन?" मामांनी विचारलं.

"सबच."

"गुड्डू."

गुड्डू पुढे आला. "इज्जत का सवाल था, साहेब. तुमाले नापास कसं करू आमी?"

"मी तुले केलतं."

"हौ साहेब. तीनदा."

"तवा काहून नाई उचलल्या इटा?"

"आप सामने खड़े थे ना, साहेब."

मामांनी मान हलवली. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "हौ," ते म्हणाले. "अन् आज माह्या सामने कोनी उभंच नोहतं."

उकिडवी माणसं हातातल्या विटा कुठे ठेवाव्यात ते न कळून तशीच बसून राहिली. मग मामांनी घसा साफ केला. "येक मौका आनखी. आत्ताच. इटा जागेवर ठेवा अन् सारे मांगं सरा."

मी चावीसाठी हात पुढे केला होता, पण मामी माझ्या आधी पोचली. तिने मामांच्या हातातून चावी काढून घेतली आणि पदराच्या टोकाला गाठ मारायला लागली. मान वर न करता ती म्हणाली, "अगले महीने आना."

गुड्डूला हसू फुटलं आणि लगेच विरलं. मामा हात तसाच पुढे धरून उभे होते. मला वाटलं होतं, जिंकल्यासारखं वाटेल. तसं काही झालं नाही. मी कडुनिंबाच्या मागे जाऊन रडले, आणि मग तोंड धुऊन आलूबोंडा खाल्ला, कारण मामीने तो हातात आणून दिला होता.

पुन्हा चौकात

सोमवारची गाडी मी चुकू दिली. सकाळी मामा इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी आले, पोहे तर खायचेच होते. दोघं पायी निघाली. मामा रस्त्याच्या मधोमध, ताठ, आणि मामी मागे, दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर. डावी थाप, उजवी थाप, पाठीवर थाप. स्कूटर तेवढी वजा झाली होती. फळवाल्याने सवयीने गाडी आत ओढली, हवालदाराने कपाळाला हात लावला. मी मागून चालत होते आणि आता एखाद्याने तरी यांना कडेला घ्यावं असं मनात म्हणत होते.

शाळेच्या गल्लीपाशी मागून घंटी वाजली. पायल होती, गुडघ्याला पट्टी बांधलेली. ती थांबली नाही, लाजलीही नाही. पुन्हा घंटी वाजवून म्हणाली, "दादाजी, साइड में चलो ना."

अख्खी गल्ली तिच्याकडे बघायला लागली. मामीने डाव्या खांद्यावर थाप मारली आणि मामा कडेला झाले. सायकल पुढे गेल्यावर ते म्हणाले, "हे पोरगी पहल्या टेस्टमंधी पास होईन."

पुणे

परत येऊन मी केस लिहून दिली. थापा, विटा, सगळं लिहिलं. सरांनी विटांचा भाग काढायला सांगितला. म्हणे त्याने मुख्य मुद्द्यावरचं लक्ष उडतं. मुख्य मुद्दा हा की चावी यशस्वीपणे हस्तांतरित झाली. वर्गाने पुन्हा टाळ्या वाजवल्या आणि मॅनेजरांनी मला पेढा दिला.

तिकडे दर महिन्याच्या एक तारखेला मामा चहा पिऊन झाला की चावी मागायचे. मामी भाजी निवडता निवडता म्हणायची, अगले महीने आना. मामा चिडायचे, डोळे आता बरे आहेत म्हणायचे, सरकारी नियम सांगायचे. मामी मला हे फोनवर रंगवून सांगायची आणि आम्ही दोघी पोट धरून हसायचो. आईला मी सांगायचे की भाऊ तुझा मजेत आहे, दर महिन्याला नापास होतोय.

परवा मामीचा फोन आला, तोही भरदुपारी.

"आज येक तारीख," ती म्हणाली. "यायनं मागतलीच नाई."

"बरं झालं ना मामी," मी म्हणाले. "म्हणजे त्यांनी स्वीकारलं." आमच्या त्या पाठातली ही शेवटची पायरी आहे, तिच्यापुढे काही नाही.

"काय बरं झालं वं?" मामी म्हणाली. "सकायपासून चावी पदरात धरून बसली मी."